तिसऱ्या कागदावरची नथनी

कोणी मानणार नाही, पैज लावा. पण गोष्ट सोळा आणे खरी आहे... जागा साकोली, वार बुधवार, वेळ भर दुपारची.

परसराम पेंटरनं अशीच सुरुवात केली.

समोर उर्वशी बसली होती. महिन्याभरापूर्वी गेलेल्या मंदाबाईची लेक. आईचं चित्र न्यायला आली होती.

मंदाबाई बाजारात मासोळ्या विकायची. फोटो काढला की आयुष्य घटतं, हा तिचा हट्ट. घरात तिचा एकही फोटो नाही. वीस वर्षं तिच्याकडूनच मासोळ्या घेणाऱ्या परसरामनं आठवून आठवून लाल खडूनं तिचा चेहरा काढला. त्या चित्रावरही मोबाईल धरायचा नाही, अशी तिच्या पोरांची अट.

मग तिघा भावंडांसाठी नकला कशा काढायच्या?

ओला कागद चित्रावर पसरायचा. वाटीच्या बुडानं घासायचा. खडू कागदावर उतरतो... पण उलटा. डावीकडची नथनी उजवीकडे जाते. अन् दर नकलेला मूळ चित्र फिकं पडतं.

पहिली नक्कल थोरल्यानं नेली. दुसरी धाकट्यानं.

लेकीच्या वाट्याला मूळ चित्रातला नुसता लाल धूर उरला.

"मले आईचं तोंड आठवेनासं झालं, काका," असं ती गेल्या खेपेला रडून म्हणाली होती.

"मग बुधवारी," परसरामनं आवाज खाली आणला, "लय थकलो होतो, पोरी. तिसरा कागद टाकला अन् तिथंच डोळा लागला. हात नाही लावला, आईशप्पथ..."

खर्र... खर्र...

"वाटी घासल्याचा आवाज! डोळे उघडले. खोलीत मी एकटा. कागद उचलला... चेहरा ठसठशीत. अन् नथनी? डावीकडं. जिथली तिथं!"

उर्वशीनं कागद छातीशी धरला.

चहा घेऊन आलेल्या परसरामच्या बायकोनं, मनकर्णाबाईनं, कपाळावर हात मारला.

"काहून लबाड बोलून राहिले जी? तुमीच नव्यानं काढलं. नथनी मुद्दाम डावीकडं ठेवली. मी दारातून पाह्यलं. बोटं पाहा, अजून लाल आहेत!"

परसराम ओशाळून हसला.

"अन् हीच पोरगी त डोक्यावर पदर घेऊन तुमच्या मागं उभी होती. नाक बारीक करा, हनुवटी भरा, सांगून राहिली होती..."

उर्वशी हळूच म्हणाली, "काकू, बुधवारी मी आसगावले होती. आजच आली."

परसरामचं हसू विरलं.

त्या दुपारी खोलीत तो एकटाच होता...

एवढं एकच त्यानं खरं सांगितलं होतं.