देवगाव फाट्याचे दोन हाफ

वैशाखातला लग्नाचा दिवस होता. साल सत्त्याऐंशी. रंगनाथ सर सकाळी मानवतहून निघाले तेव्हा त्यांच्या जिवाला एकच घोर होता. मेव्हण्याचं लग्न साडेबाराचं, त्याच्या आत पोचायचं. बाकी काळजी अशी नव्हती.

सर शाळेत विज्ञान शिकवायचे. सुट्टीच्या दिवशी सायकल काढून गावोगाव जायचे, हळदीच्या पाण्यात चुना टाकून ते लाल करून दाखवायचे आणि भूत, करणी, भानामती हे सगळं कसं थोतांड आहे ते लोकांना पटवायचे. आजवर एकाही भुताने त्यांच्याशी वाद घातला नव्हता. वाद घालायची ती त्यांची बायको पंचफुला. घरात शेवटचा शब्द तिचा असायचा आणि सरांना तो कधीच शेवटचा वाटायचा नाही.

तीन महिन्यांपूर्वी सरांनी एका जिनिंगवाल्याची जुनी फियाट घेतली होती. आज ती पहिल्यांदाच इतकी लांब निघाली होती. मागच्या सीटवर सहा वर्षांची सुजाता आणि चार वर्षांचा मिलिंद, डिकीत कपड्यांची पेटी, पुढे आहेराचं गाठोडं. सेलू मागे पडलं. देवगाव फाटा एका वळणापलीकडे राहिला आणि गाडीच्या तोंडातून फुस्स करून वाफ निघाली. सरांनी गाडी कडेला घेतली. रेडिएटरमधलं पाणी उकळून रस्त्यावर सांडत होतं.

बारा वाजायला आले होते. रस्त्यावर माणूस नाही, बैलगाडी नाही. डांबराचा तापलेला वास नाकात बसत होता. मागच्या सीटवर दोन्ही लेकरं एकमेकांच्या अंगावर पाय टाकून गाढ झोपली होती.

"फाट्यावरून पाणी आणावं लागतंय," सर म्हणाले. "चल, तू बी चल."

"आणि लेकरं?"

"झोपलीत की. दहा मिनिटांत येऊ."

"एकली सोडायची?"

"एकली कुठं? दोघं हायत."

"दोन झोपलेली लेकरं मिळून एक जागं माणूस होत न्हाई, सर," पंचफुला म्हणाली. ती नवऱ्याला 'सर' म्हणाली, की सरांनी समजून घ्यायचं असायचं. सरांनी समजून घेतलं नाही. हॉटेलवाला अनोळखी गड्याला घागर देत नाही, सोबत बाई असली की देतो, हे त्यांनी शास्त्रशुद्ध समजावलं. आहेर आत आहे म्हणून चारी काचा वर केल्या, दारं लावली आणि किल्ली खिशात टाकली.

"आवं, काचा तरी उघड्या ठिवा! भट्टी व्हईल आत!"

"हळू बोल, लेकरं उठतील."

इथेच घात झाला. लेकरं उठू नयेत म्हणून दोघं गाडीपासून चार पावलं बाजूला झाले आणि हळू आवाजात भांडू लागले. हळू आवाजातलं भांडण लवकर संपत नाही. सर एक वाक्य बोलून दोन पावलं चालायचे. त्या वाक्याला उत्तर द्यायला पंचफुला दोन पावलं चालायची. मागच्या उन्हाळ्यात यात्रेत मिलिंद कुणाच्या हातून सुटला होता ते निघालं. सरांच्या आईने सरांना लहानपणी शेतात बाभळीखाली एकटं झोपवलं होतं आणि त्यांना काहीही झालं नव्हतं, हे निघालं. काहीही झालं नव्हतं की नाही याबद्दल पंचफुलाचं मत निघालं. लेकरांना एकटं सोडू नये हे नवऱ्याच्या गळी उतरवता उतरवता ती बाई फाट्यावर येऊन पोचली.

हॉटेलवाले दत्तराव भिंतीच्या सावलीत बसले होते. भिंतीवर नामांतराची घोषणा निळ्या अक्षरांत लिहिली होती, तिच्याच खाली रांजण होता. दत्तरावांनी काही न विचारता घागर भरून दिली. वर सहज म्हणाले, "लग्नाला चाललाव जनू. लेकरं न्हाई आणली?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. भांडण जागच्या जागी संपलं.

पंचफुला पळत सुटली. सर घागर टाकून तिच्या मागे. पायात चप्पल आहे की नाही याचं दोघांनाही भान नव्हतं. वळण ओलांडलं आणि सर थांबले.

गाडी नव्हती.

रस्त्याच्या कडेला रेडिएटरच्या पाण्याचं थारोळं तेवढं होतं. अजून वाफाळत होतं. सरांनी खिसा चाचपला. किल्ली खिशातच होती. त्यांना वाटलं, आपली जागा चुकली. मग वाटलं, आपलं सगळंच चुकलं.

"सुजे..." पंचफुलाने हाक मारली.

वारा पडला होता. एक पान हलत नव्हतं. कावळासुद्धा कुठे ओरडत नव्हता. त्या शांततेत सेलूच्या बाजूने, वरच्या चढावरून, आवाज आला.

कट्ट... कट्ट... कट्ट...

कंडक्टरने लोखंडाच्या दांडीवर तिकिटाचा चिमटा आपटावा तसा. रोज एसटीने जाणाऱ्या माणसाला हा आवाज झोपेतही ओळखू येतो.

चढावर चिंचेचं एक थोराड झाड होतं. त्याच्या काळ्या सावलीत फियाट उभी होती. तोंड सेलूकडे. चारी काचा खाली.

पंचफुला आधी पोचली. दोन्ही लेकरं मागच्या सीटवर ताठ बसली होती, शहाण्यासारखी, शाळेच्या फोटोला बसावं तशी. घाम नाही, रडणं नाही. तिने खिडकीतून हात घालून दोघांच्या कपाळाला लावला. कपाळं थंडगार होती.

"गाडी कुणी आणली हितं?" सरांनी विचारलं.

"कंडक्टर काकांनी बेल मारली, टिंग टिंग," मिलिंद म्हणाला. "मंग निघाली."

"आणि... चालवत कोण होतं?"

सुजाताने थोडा विचार केला. "कुणीच दिसलं न्हाई बाबा. फकस्त चाक फिरायलं होतं."

सर झाडाच्या बुंध्याला टेकले. चटकन सरळही झाले, कारण बुंधाही थंड लागला.

"काकांनी इचारलं, आईबाप कुठं हायत," सुजाता सांगत होती. "मी म्हणलं, भांडायलेत. मंग ते म्हणले, बरं बसा. आणि तिकिटं दिली."

लेकरांच्या मुठी उघडल्या. दोघांच्याही तळव्यावर कागदाचा एकेक चिटोरा होता, पिवळा पडलेला, दोन भोकं पाडलेला. हाफ तिकिटं.

"आणखी एक निरोप दिलाय," सुजाता म्हणाली. "पुढल्या बारीला लेकरं अशी सोडली तर तुमच्या दोघांची फुल तिकिटं फाडतो म्हणावं."

"कुठली?" सरांनी विचारलं.

"ते न्हाई सांगितलं."

तेवढ्यात दत्तराव दुसरी घागर खांद्यावर घेऊन आले. त्यांनी गाडीकडे बघितलं, तिकिटांकडे बघितलं, आणि डोक्यावरची टोपी काढली.

"सूर्यभान मास्तर, ह्या रस्त्याच्या एसटीचे कंडक्टर," ते हळूच म्हणाले. "लय लेकुरवाळा माणूस. लेकरं मोजल्याबिगर कधी बेल मारली न्हाई. अशाच एका वैशाखात एका बाईचं लेकरू पाणी प्यायला उतरलं, ते सापडंना. मास्तर उन्हातानात हिंडले, लेकरू आणून आईच्या मांडीवर दिलं. मंग म्हणले, मी जरा टेकतो हितं चिंचंखाली. टेकले ते टेकलेच. धा वर्सं झाली." त्यांनी रेडिएटरमध्ये पाणी ओतलं. "हे तिकीट तवाच बंद झालंय."

सरांना बोलायचं होतं. हँडब्रेक सैल असेल, गाडी उतारावरून घरंगळली असेल. पण चिंच चढावर होती. गाडीत बसण्याआधी, पंचफुला बघत नाही असं पाहून, त्यांनी झाडाकडे तोंड करून हात जोडले. पंचफुला बघत होती. ती काही बोलली नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, त्यात असं पहिल्यांदाच घडलं.

लग्न सरांसाठी खोळंबलं होतं. बुद्धवंदना झाली, फुलं पडली, जेवणं झाली. मंडपात कुणीतरी आग्रह केला, सरांनी अंधश्रद्धेवर दोन शब्द बोलावेत. सर उभे राहिले, घसा खाकरला आणि उन्हाळ्यात रेडिएटरची निगा कशी राखावी यावर पाच मिनिटं बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

परतताना ते पाथरीच्या लांबच्या वाटेने आले. वाटेत पेट्रोल भरायला थांबले तेव्हा एका काखेत मिलिंद, दुसऱ्या काखेत सुजाता घेऊन उभे होते. पंपावरचा माणूस हसला. सर हसले नाहीत.

दिवेलागणीला चौघं घरी पोचले. पंचफुलाने चुलीवर पाणी ठेवलं आणि सुजाताला केस विंचरायला पुढ्यात घेतलं. लग्नाच्या गडबडीत तिने लेकीच्या डोक्याकडे नीट बघितलंही नव्हतं. आता वेणी हातात घेतली आणि तिचा हात थांबला. चार पेडांची, घट्ट, बारीक वेणी. असली वेणी पंचफुलाला घालता येत नव्हती.

"मामीनं घातली का गं?"

"न्हाई. गाडीतल्या मावशीनं."

"कोण मावशी?"

"चिंचंपाशी बसली की आमच्यापाशी, मागच्या सीटवर. तिला जागा न्हवती, मंग कंडक्टर काका म्हणले, सरकून घ्या."

दारात उभ्या सरांनी हे ऐकलं. "मग ती... उतरली कुठं, बाळा?"

"उतरली न्हाई," सुजाता म्हणाली.

अंगणात गाडी उभी होती. कपड्यांची पेटी अजून डिकीतच होती.

"मी आणतो," सर म्हणाले आणि जागचे हलले नाहीत.

"मी बी येते," पंचफुला म्हणाली.

"आणि लेकरं?"

यावर वाद झाला नाही. चौघं एकमेकांचा हात धरून अंगणात गेले. सरांनी आधी मागच्या खिडकीतून डोकावून पाहिलं. सीट रिकामी होती. त्यांनी हायसं वाटून मोठ्याने श्वास सोडला, बायकोकडे बघून "बघ, काही न्हाई" असं म्हणाले, आणि पेटी काढली. आले तसेच चौघं रांगेने घरात परतले.

मिलिंद सगळ्यात मागे होता. सगळे आत आले तरी तो दाराची कडी धरून उभाच राहिला. पाहुण्यांसाठी दार धरावं, हे त्याला घरात शिकवलं होतं. मग वर, मोठ्या माणसाच्या तोंडाकडे बघावं तसं बघत, तो हळूच म्हणाला,

"सांभाळून मावशी. उंबरा हाय."

आणि त्याने दार लावलं.