बिनछपराची तोफ

इटलीच्या मुलखात, दरीपलीकडल्या डोंगरमाथ्यावर कास्तेलमोरा नावाचं दगडी गाव होतं. आणि सन चव्वेचाळीसच्या हिवाळ्यातल्या त्या पहाटे धुकं खाली सरू लागलं, तसा आधी देवळाचा घंटामनोरा, मग पडका तट आणि शेवटी तटाआडून पुढे आलेली ती लांब नळी दिसू लागली. हवालदार गेनबा मरळानं दुर्बीण डोळ्याला लावली. तीन दिवस मराठ्यांची पलटण या एका नळीपुढे अडून राहिली होती, आणि खालच्या सडकेवर आपले चार रणगाडे जळून काळे पडले होते.

जर्मनांनी रणगाड्याचा फिरता बुरूज काढून टाकून त्या जागी ही दांडगी तोफ बसवली होती. ती आपल्या पट्ट्यांवर चालत येई, मैलावरून रणगाडा फोडी आणि उलट्या पावली तटाआड दडे. पण गेनबानं तिची दोन वर्मं हेरली होती. नळी बाजूला थोडीच वळे. जास्त वळायचं तर सगळं धूड फिरवावं लागे. आणि गोलंदाज ज्या लोखंडी पेटीत उभे राहत, तिला वर छप्परच नव्हतं. म्हणून तर तिच्या भोवती रात्रंदिवस पायदळाचा पहारा असे. आज तो पहारा गावामागच्या वाटेनं गुपचूप निघून गेला होता.

"साहेब, तिच्या पहाऱ्याची माणसंच तिला टाकून गेली," तो म्हणाला. "आता जाता येईल."

सुभेदार रंगराव खोपडे त्याच्याच खोऱ्यातले, शेजारच्या गावचे. ते म्हणाले, "पाच गडी घे. तोफ बंद पडली की इशाऱ्याचा लाल बार आभाळात उडव. बार दिसताच रणगाडे घेऊन मी जातीनं येतो."

"नाही आलात तर गावात उरलेले जर्मन आम्हाला सोडायचे नाहीत."

सुभेदारांनी खिशातून पितळी डबी काढली. जेजुरीचा भंडारा तळहातावर घेऊन ते म्हणाले, "खंडोबाची आण. येतो."

"झालं की मग!" लान्सनाईक बबाजी शिळीमकर हसला. "हवालदार, जाताना चालू, येताना रणगाड्यात बसून येऊ. माझे बूट फाटलेत."

सुभेदारांनी सहाही कपाळांना भंडारा लावला. मग डबी मिटून ते लगेच वळले.

जैतुनाच्या बागांतून बांधाबांधानं चढत ते तटाशी पोहोचले, तेव्हा पेटीतल्या एकानं पाहून आरोळी ठोकली. इंजिन गुरगुरलं, नळी त्यांच्याकडे फिरवायला सगळं धूड वळू लागलं आणि अरुंद गल्लीत भिंतीला धडकून अडकलं. तेवढ्यात गेनबा तटावर चढला आणि वरून उघड्या पेटीत त्यानं हातबॉम्ब टाकला. दोघे पळाले, दोघे तिथेच राहिले. एक पोरसवदा गोलंदाज हात वर करून खाली उतरला.

गेनबानं लाल बार उडवला.

सडकेवर एकही रणगाडा हलला नाही. दरीपलीकडून, आपल्याच तोफखान्याकडून, पहिला गोळा शिटी घालत आला.

"आपले आहेत! आपलेच आहेत!" बबाजी ओरडला, आणि लोखंडाचा आडोसा म्हणून पाचही जण त्या बिनछपराच्या पेटीत उतरले.

"बाहेर या! वर उघडं आहे रे!" गेनबा घसा फोडून ओरडला. कैद्यानं त्याला पट्ट्यांमधून धुडाच्या पोटाखाली ओढलं. पुढचा गोळा उघड्या पेटीच्या वरच फुटला. पाचांतला एकही उरला नाही.

मारा थांबेपर्यंत ते दोघे शेजारी शेजारी पडून होते. त्या पोरानं पहारा निघून गेला त्या वाटेकडे बोट दाखवलं. गेनबानं दरीपलीकडे दाखवलं. एकमेकांची भाषा येत नव्हती; पण समजायचं काही राहिलंही नव्हतं.

दुपारी रणगाडे आले. सुभेदार उतरले आणि जागीच थबकले. "गेनबा... तू जिवंत?"

त्या एका प्रश्नात सगळं उत्तर होतं. "बार तोफखान्याला इशारा होता ना, साहेब?"

"रणगाड्यांच्या कप्तानाचा हुकूम होता. तोफ पुरती मोडल्याशिवाय तो रणगाडे सोडत नव्हता." सुभेदारांचा आवाज खाली गेला. "खरं सांगितलं असतं, तर गेला असतास का?"

"गेलो असतो." गेनबानं बबाजीच्या कपाळावरची काजळी अंगठ्यानं पुसली, खाली भंडारा अजून पिवळा होता. "एकटा गेलो असतो, साहेब. तुमची आण ऐकून या पाचांना मी संगं आणलं."

सुभेदारांनी डबी उघडली आणि मेलेल्यांच्या कपाळांकडे हात नेला. गेनबानं बबाजीचं कपाळ आपल्या तळव्यानं झाकलं.

"मिटा ती."

कप्तानाला पदक मिळालं, सुभेदारांना बढती मिळाली. पुढे छावणीत तळी उचलली जाई, येळकोटाचा गजर होई, आणि सुभेदार डबी उघडून रांगेपुढून चालत जात. रांगेतला एकेक जवान त्यांना कडक सलाम करी, आणि दुसऱ्या हातानं कपाळ झाकून घेई.