भुजंगची राहिलेली पाळी

सन १९४१, निजामी फसली सन तेराशे पन्नास. पौषातली अवस, बोचरी थंडी. माझा मावसभाऊ लिंबाजी त्या सकाळी परभणीला गेला होता. जिनिंगच्या शेठनं हिरवा रंग आणायला धाडलं होतं.

हसू नका, पोरांनो. हे मला लिंबाजीनंच सांगितलं, आणि तो खोटं बोलणारा माणूस नव्हता.

लिंबाजी बोरीजवळच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. तिथं वीज करणारी दोन तेलाची इंजिनं होती. तिथून सरकारी दवाखान्याला उजेड द्यायचा होता. त्याआधी हैदराबादचा साहेब तपासणीला येणार होता. पहिलं इंजिन बंद पडलं, तर दुसरं भरवशानं चालतं का, एवढंच त्याला पाहायचं होतं.

दुसऱ्या इंजिनानं दिवाळीत भुजंगला खाल्लं होतं. कुजका पट्टा तुटून त्याच्या मानेवर बसला. भुजंग लिंबाजीचा जोडीदार. भुजंग लेकराच्या बारशाला गेला, तेव्हा लिंबाजीनं त्याची रात्रपाळी ओढली होती. "तुजी पाळी फेडीन," म्हणाला होता. फेडायच्या आधीच गेला.

शेठनं तोच पट्टा सांधून पुन्हा चढवला होता. लिंबाजीनं नवा मागितला.

"पट्टा कोण बघायलंय? रंग मार," शेठ म्हणाला.

इंजिनाच्या चाकाला भुजंगचे केस चिकटलेले होते. वाळलेलं रक्त होतं. कुणी पुसलंसुद्धा नव्हतं. शेठनं त्यावरूनच रंग मारायला लावला. थू!

त्याच रात्री साहेब कोंबडी खायला बसला. मनगटापर्यंत रस्सा ओघळला होता. बोटं चाटत म्हणाला, "अच्छा, पहला बंद करो."

अंधार झाला.

"लिंबाजी, फिरव चाक!" शेठ ओरडला. "चालू न्हाई झालं तर ठाण्यात देतो तुला."

ते चाक फिरवून इंजिन चालू करायला दोन माणसं लागतात. भुजंगच्या जागी शेठनं कुणी ठेवलंच नव्हतं. आणि चाललंच, तर पट्टा आता कुणाच्या मानेवर बसणार, ते लिंबाजीला ठाऊक होतं. तरी त्यानं चाक धरलं. हलेना.

मग... जळक्या तेलाचा वास आला. शेजारी कुणीतरी श्वास घेत होतं.

"कोण हाय?"

"सरक रं. आजची पाळी माजी."

गार हातानं त्याला भिंतीकडं ढकललं. चाक फिरलं. दिवे लागले. चाकापाशी कुणी नव्हतं.

फाट्!

पट्टा तुटला. लिंबाजी आधी उभा होता, त्या जागच्या विटा फुटल्या. पुन्हा अंधार.

"उजाला हुआ ना? बस," साहेब म्हणाला. इंजिन भरवशाचं, असा दाखला दिला. हातसुद्धा न धुता.

सकाळी चाकाच्या हिरव्या रंगात पंजा उमटलेला. चार बोटांचा. भुजंगचं एक बोट लहानपणी उसाच्या चरकात गेलं होतं.

शेठनं त्यावर रंग मारला. पंजा वर आला. पुन्हा मारला. पुन्हा आला.

पाळी फिटली.