मीटरभराच्या आत

काम साधं होतं. ठाण्याला कोपरीत दुरुस्तीला दिलेली एक लेन्स घ्यायची आणि डोंबिवलीला साकेतच्या घरी पोचवायची. बस्स.

एवढं सांगून हरिहरकाका थांबले. लाइट गेली होती. गच्चीवर गोष्ट ऐकायला बसलेल्या दिशा-नयनचे चेहरेही नीट दिसत नव्हते.

"साकेत म्हणजे माझा पुतण्या. लेन्स आणायला गेला तो त्याचा मित्र, ऋतुराज. उद्या भेटला तर त्याला काही विचारायचं नाही. कबूल?"

"कबूल," दिशा म्हणाली. "पण काका, फेकायचं नाही हं."

"गेल्या वर्षीच्या त्रिपुरी पौर्णिमेची आदली रात्र. मंगळवार. ऐक."

ऋतुराज आणि साकेत, दोघेही लग्नांचे फोटो काढायचे. ऋतुराजचं सगळं सामान नवं, महागातलं. साकेतने मात्र कुठूनतरी रेंजफाइंडर कॅमेऱ्याची जुनी लेन्स मिळवली होती. रोलच्या जमान्यातली, मुठीत मावेल एवढी, पितळी. मध्ये अ‍ॅडॉप्टर बसवून तो ती आपल्या डिजिटल कॅमेऱ्याला लावायचा. फोकस हाताने करायचा. आपल्याला लेन्स लावली आहे हे कॅमेऱ्याला कळायचंसुद्धा नाही. ऋतुराज टर उडवायचा, "म्युझियमला देऊन टाक रे ती."

मग साकेतने त्या लेन्सने ऋजुताचा फोटो काढला. शहाडला, उल्हास नदीच्या घाटावर.

ऋजुता म्हणजे ऋतुराजची होणारी बायको. साखरपुडा झालेला, मार्गशीर्षात लग्न. त्या फोटोत ती अशी बघत होती की आपण मध्येच दार उघडून आत आलो असं वाटावं. ऋतुराजने स्वतः तिचे शेकडो फोटो काढले होते. ती नजर एकातही नव्हती. लोक म्हणाले, काय लेन्स आहे! ऋतुराजच्या डोक्यात एकच किडा. ही लेन्सची करामत, की साकेतची?

जेवताना तेच, बाइक चालवताना तेच. शेवटी त्याने गुपचूप स्वतःसाठी अ‍ॅडॉप्टर मागवला, तोही साकेतच्यापेक्षा भारी. त्या जुन्या लेन्सला मीटरभराच्या आतलं स्पष्ट दिसत नाही, तिची जातच तशी. पण हा अ‍ॅडॉप्टर फिरवला की लेन्स पुढे सरकते आणि हातभरावरचंही टिपते. साकेत जाऊ शकला नाही इतकं जवळ जायचं, एवढंच ऋतुराजला हवं होतं.

म्हणून साकेतचा फोन आला, "अरे, मी अडकलोय. येताना कोपरीतून माझी लेन्स उचलशील?" तेव्हा तो हसून हो म्हणाला. लेन्स घेतली. आणि डोंबिवलीला उतरलाच नाही. सरळ शहाडला, ऋजुताच्या घरी गेला.

"आत्ता? नदीवर?" ऋजुता म्हणाली. "येडा झालायस का?"

"एकच फोटो. साकेतला जमतो, मला नाही?"

"झालं, परत साकेत! अरे, तो माझ्याशी धड बोललापण नव्हता. सारखं आपलं एकच, मागे सरक, मागे सरक."

आठ वाजून गेले होते. चांदणं लख्ख होतं. घाटावर चिटपाखरू नव्हतं. ऋजुता पायरीवर उभी राहिली. ऋतुराजने कॅमेरा डोळ्यासमोर धरला. जे फोकसमध्ये येईल त्याच्या कडा स्क्रीनवर लाल दिसतात. ऋजुताच्या भुवया लाल झाल्या, ओठ लाल झाले. पण नजर... नेहमीचीच.

त्याने लेन्स फिरवली. अजून जवळ. मीटरवर येऊन ती अडली. मग त्याने अ‍ॅडॉप्टर फिरवायला घेतला.

ऋजुता धूसर झाली. तिच्यावरच्या लाल रेघा विझल्या. आता समोर नुसती हवा होती. स्क्रीन रिकामी दिसायला हवी होती.

हवेत एक लाल रेघ उमटली.

कानाची.

मग मानेची. मग खांद्याची. पाठमोरं कुणीतरी. त्याच्या आणि तिच्या मध्ये.

त्याने कॅमेरा खाली घेतला. मध्ये कुणी नव्हतं. ऋजुता मात्र बघत होती. तीच ती नजर. फोटोतली.

"ऋजू... कुणाकडे बघतेस?"

"तुझ्याकडे."

"नाही. आपल्या मध्ये कुणाकडे तरी."



त्याने पुन्हा स्क्रीन पाहिली. बोटं थांबेनात. अजून थोडं जवळ... अजून... लाल रेघा हलल्या. मान वळली.

"ऋतू," ऋजुता हळूच म्हणाली. आवाज एकदम शांत. "मागे सरक."

त्याचं बोट बटणावर पडलं. स्क्रीन काळी झाली.

काळीच राहिली...

हरिहरकाकांनी कठड्याला पाठ टेकली.

"मग?" नयनने विचारलं.

"मग काय. घरी जाताना ऋजुता म्हणाली, फोटो न काढताच परत का आणलंस? तिच्या लेखी काही घडलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी ऋतुराज कॅमेरा घेऊन कोपरीच्या त्याच दुरुस्तीवाल्याकडे गेला. तिथल्या माणसाने लेन्स काढून आत बघितलं आणि म्हणाला, लेन्समागच्या सेन्सरवर हात कुणी लावला? काचेवर अंगठ्याचा ठसा होता. मोठा, मधोमध आडवा व्रण. ऋतुराजने दोन्ही अंगठे पुढे केले. त्याचा नव्हता. मग त्या ठशाचा मोठा करून फोटो काढून घेतला आणि थेट आमच्या घरी आला. शाईचं पॅड घेऊन. माझ्यासमोर साकेतचा अंगठा उमटवून घेतला त्याने. साकेत नुसता म्हणत होता, अरे, बरा आहेस ना तू?"

"जुळला?" दिशाने विचारलं.

"नाही. साकेतच्या अंगठ्याला व्रण नाहीच. दोन्ही कागद शेजारी ठेवून ऋतुराज कितीतरी वेळ बघत बसला. मग मला म्हणाला, काका, जुळला असता तर किती बरं झालं असतं हो."