न फोडलेली मोहोर

नाशिकच्या 'क्षितिज जलयंत्र' कंपनीचा जुना मेघकक्ष शुक्रवारी दुपारी एक वाजता कायमचा बंद होणार होता, आणि पावणेबारा वाजले तरी एकोणीसशे माणसांपैकी एकाच बाईचं गाठोडं तिथं अडून बसलं होतं. मेघकक्ष म्हणजे दुसरं काय, तर कंपनीतल्या माणसांचे आपसातले निरोप, गप्पा, भांडणं जिथं साठून राहतात ती दूरच्या यंत्रांवरची कोठी. ती आता नव्या मेघकक्षात हलवायची होती. बाकीच्यांचं सामान दोन महिन्यांत बिनबोभाट हललं. शर्वाणी बोरस्तेचं तेवढं हलेना.

"ताई, अकरा स्मरणपत्रं पाठवली मी तुम्हाला," तांबोळीसर म्हणाले. संदेश-स्थलांतर विभागाचे ते प्रमुख, निवृत्तीला आलेले आणि जिभेला हाड नसलेले. "अकरा! बेगमला लग्नासाठी तयार करायला मला एवढी पत्रं लागली नव्हती."

शर्वाणी हसली नाही. मंगळावरच्या वसाहतीचं पाणी ज्या गाळण्यांतून शुद्ध होतं, त्या गाळण्या तिने बांधलेल्या. कामात भल्याभल्यांना गप्प करणारी बाई आज खुर्चीच्या टोकावर बसून होती.

अडलेली साखळी होती तिची आणि अद्वय गायधनीची. सहा वर्षं दोघं शेजारशेजारच्या टेबलांवर होते, तरी बोलणं सगळं लिहून. दाब किती, झडप कुठं गळते, कँटीनच्या पोह्यांत शेंगदाणे का नाहीत. रोज चार वाजता त्याचं 'चहा?' आणि तिचं 'आले'. प्रेमाचा एक शब्द नाही त्यात. दोघंही त्या बाबतीत महाभित्रे. मग अद्वयने मंगळासाठी नाव दिलं. तिथं काही वर्षं काढलेल्या माणसाची हाडं पृथ्वीवरचं वजन पेलत नाहीत, त्यामुळे गेलेला माणूस परत येत नाही. निघायच्या आदल्या संध्याकाळी शर्वाणीने धीर करून एकच संदेश लिहिला. तरी तो गेला. जाताना सकाळी त्याचा एक संदेश आला, आणि तो तिने नऊ वर्षं उघडला नव्हता.

आधी रागाने उघडला नाही. मी एवढं लिहिलं आणि हा गेलाच, तर आता समजूत काढणारं मला काही वाचायचं नाही, असं. पुढे राग कधी विरला ते तिलाही कळलं नाही. न उघडलेला संदेश मात्र राहिला, आणि तो आहे तोवर अद्वयला अजून आपल्याशी काहीतरी बोलायचं आहे, असं तिला वाटत राहिलं. तेवढ्यावर तिचे दिवस जात होते.

"न उघडताच न्या ना हो," ती म्हणाली.

"नेता आलं असतं तर मी तुम्हाला बोलावलंच नसतं. जुन्या कक्षातल्या प्रत्येक संदेशाला पुंज-मोहोर आहे, क्वांटम कुलूप म्हणा हवं तर. उघडेपर्यंत तो संदेश म्हणजे प्रकाशकणांची एक स्थिती असते, आणि न पाहिलेल्या पुंजस्थितीची नक्कल निघत नाही. हा काही कंपनीचा नियम नाही ताई, निसर्गाचाच आहे. तुम्ही वाचलंत की साधी अक्षरं होतात. मग काढा हव्या तेवढ्या प्रती."

"मग नक्कल कशाला? आहे तोच उचला."

"आणि वाटेत सांडला तर? आधी प्रत, मग पडताळणी, मग जुनं पुसायचं. शिवाय प्रत्येक मोहोर आधीच्या मोहोरेत अडकवलेली. एक कडी बंद राहिली की अख्खी साखळी इथंच राहणार, आणि एक वाजता जाणार."

म्हणजे तो एक संदेश जपायचा तर सहा वर्षांची साखळी घालवायची, नाहीतर तो फोडायचा. शर्वाणीने बराच वेळ घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजून दहा मिनिटांनी तिने आपलं उपकरण काढलं, अंगठा टेकवला आणि मोहोर फोडली.

'शर्वाणी, रात्रभर वाट पाहिली. तू थांब म्हणाली असतीस तर मी थांबलो असतो. दहापर्यंत उड्डाणतळाच्या दाराशी आहे. अजूनही येऊन सांग.'

"खोटारडा!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की पलीकडच्या टेबलावरच्या माना वर झाल्या. "सांगितलं होतं मी! जाऊ नकोस असं लिहिलं होतं, मला तुझ्याशिवाय करमणार नाही असं लिहिलं होतं! आणखी काय पायाशी लोळण घ्यायची होती?"

तांबोळीसर अवघडले. त्यांनी नक्कल सुरू करण्याची कळ दाबली. पडद्यावरची पट्टी जागची हलली नाही. त्यांनी पुन्हा दाबली, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"ताई, तुमच्या बाजूला आता एकही बंद संदेश नाही," ते हळूच म्हणाले. "तरी साखळी अडते. म्हणजे बंद कडी त्यांच्या बाजूची आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमचा तो संदेश त्यांनी उघडलेलाच नाही. किती वाजता लिहिला होतात?"

"सात वाजले असतील."

"मंगळाला जाणाऱ्यांची उपकरणं आदल्या संध्याकाळी सहालाच जमा होतात. मोहोर ज्याची त्याच्याच उपकरणावर फुटते. तळावरच्या यंत्रावरून लिहिता येतं, वाचता येत नाही."

कोणी काही वाचलं की नाही ते दुसऱ्याला कळू न देणं ही या कंपनीची जुनी शिस्त होती. शर्वाणी नऊ वर्षं धरून चालली होती की त्याने वाचलं आणि तरी तो गेला. वाट तो पाहत होता, तळाच्या दाराशी, सकाळी दहापर्यंत. आणि ती घरी रुसून बसली होती.

"तिकडे पोचल्यावर तरी उपकरण परत मिळालं असेल ना?" तिने विचारलं.

"मिळालं असणार. अकरा स्मरणपत्रं त्यांनाही गेली आहेत." तांबोळीसर म्हणाले. "त्यांनीही तुमच्यासारखंच जपून ठेवलं असेल, दुसरं काय! आता मात्र उघडतील. एरवी कळत नाही, पण या स्थलांतरापुरती तुम्ही मोहोर फोडल्याबरोबर त्यांना सूचना गेली आहे, की समोरच्याने आपली बाजू मोकळी केली."

शर्वाणी ताडकन उठली. "थांबवा ती! सर, त्याने वाचायला नको. त्याला आता परत येता येत नाही. कोणी थांब म्हणालं नाही असं समजून तो तिथं राहिला आहे, राहू दे तसंच. माझी सहा वर्षं गेली तरी चालतील!"

"अहो, प्रकाशाच्या वेगाने गेली ती. मागून कोण गाठणार?"

मंगळ तेव्हा बारा प्रकाश-मिनिटांवर होता. जायला बारा, यायला बारा. जी पट्टी हलावी म्हणून तिने सकाळपासून देव पाण्यात ठेवले होते, ती आता हलू नये म्हणून ती हात जोडून बसली. साडेबारा झाले. पावणेएक झाले. तिला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी जीव तुटला, कारण त्याला एकदा तरी ते कळावं असंही तिला फार फार वाटत होतं.

बारा एक्कावन्नला पट्टी हलली. एकेक संदेश भराभर पलीकडे जाऊ लागला.

"आली, आली! ताई, सगळी साखळी आली!" तांबोळीसर लहान मुलासारखे टाळ्या वाजवत म्हणाले. "आता हिला मरण नाही!"

शर्वाणी मनातल्या मनात बारा मिनिटं वजा करत होती. बारा एकोणचाळीसला, ती इथं हात जोडून बसली होती तेव्हाच, तिकडे अद्वयने वाचलं होतं की तिने त्याला थांब म्हटलं होतं.