बारा नोव्हेंबर कधी संपला?

"माझ्या बाबांना मी मारलं का, एवढंच मला सांगा," रेश्मा म्हणाली. समोर ठेवलेल्या चहाकडे तिने पाहिलेही नाही.

महाडच्या बाजारपेठेतील त्या माडीवर असा प्रश्न घेऊन आजवर कोणी आले नव्हते. बुद्धरत्न गायकवाड आयुष्यभर महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते आणि आता खासगी तपासाची कामे घेत. खडक खोटे बोलत नाहीत याचा कंटाळा आला, असे ते त्याचे कारण सांगत. त्यांच्याबरोबर हिंडणारे अरविंद हे खालच्या स्टेशनरीच्या दुकानाचे मालक. मुलीची अवस्था पाहून त्यांनी कप तिच्याकडे आणखी सरकवला.

रेश्मा औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधांच्या कारखान्यात पाळीने कामाला जाई. तिचे वडील भागोजी पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या बाजूच्या वाडीत एकटेच राहत. दिवाळीला तिचा चुलतभाऊ राजेश मुंबईहून आला आणि त्याने म्हाताऱ्याला मोबाईलवर एक चित्रफीत दाखवली. बारा नोव्हेंबर ही काळाची तारीख आहे, असे तीत एक खर्जातला आवाज सांगत होता. १९९६ साली याच तारखेला चरखी दादरीवर दोन विमाने आकाशात एकमेकांवर आदळली. १९९९ साली तुर्कस्तानात भूकंप झाला आणि त्याच दिवशी कोसोवोत मदतकार्याचे विमान डोंगरावर कोसळले. २००१ साली न्यूयॉर्कच्या वस्तीवर विमान पडले. २०१७ साली इराण-इराकच्या सीमेवर जमीन फाटली. आणि यंदा, असे म्हणून तो आवाज थांबे, पडद्यावर सह्याद्रीचे कडे दिसत.

भागोजींनी ते मनावर घेतले. बारा तारखेला ते छपराखाली थांबेनात. घरासमोरच्या खळ्यात, भात झोडण्यासाठी सारवलेल्या अंगणात, त्यांनी पेंढ्यावर अंथरूण टाकले. रेश्मा रात्रपाळीला होती. बारा वाजून गेल्यावर तिने फोन केला, की बाबा, तारीख संपली, थंडी पडलीय, आत जाऊन झोपा. म्हातारा म्हणाला, "बरं गो, जातो." सकाळी ते घरात, कोसळलेल्या माळ्याखाली मेलेले सापडले. रात्री जमिनीतून गडगडाट झाल्याचे सगळी वाडी सांगत होती.

"उद्या मी जमिनीच्या कागदांवर सही करणार आहे," ती म्हणाली. "जमीन सामाईक आहे. राजेशदादाकडे घेणारे आहेत, बाबाच अडून बसले होते. मला ते घर डोळ्यांसमोर नको."

ती जिना उतरून गेल्यावर अरविंदांनी खाली मान घालून कबूल केले, की ती चित्रफीत त्यांनाही आली होती आणि त्यांनी ती पुढे अनेकांना पाठवलीही होती.

"अभिनंदन," बुद्धरत्न थंडपणे म्हणाले. "पृथ्वी रोज कुठे ना कुठे हलते, अरविंदराव. वर्षातली कोणतीही तारीख उचला, मी तुम्हाला तिच्यावर प्रेते रचून दाखवतो. इराणात जमीन हलली तेव्हा जपानात तेरा तारीख लागली होती. तारीख हा माणसांनी आपसांत केलेला करार आहे. जमिनीने त्यावर सही केलेली नाही."

दुसऱ्या दिवशी वाडी समोर आली तेव्हा मात्र हे शहाणपण अरविंदांच्या उपयोगी पडले नाही. भर दुपारी सगळी वाडी घराबाहेर राहत होती. चुली अंगणात, पाळणे आंब्याला, खाटा वाटेवर. घरांची दारे सताड उघडी होती आणि आत कोणी म्हणजे कोणी नव्हते. त्या काळोख्या चौकटींतून कोणीतरी बाहेरच्या माणसांकडे पाहते आहे, असे अरविंदांना वाटले आणि ते बुद्धरत्नांच्या मागे सरकले.

शेजारच्या ठमाबाईंनी भागोजींच्या घराचे दार दाखवले, पण उंबरा ओलांडायला त्या तयार होईनात. आत माळ्याची लाकडे, फळ्या आणि वर ठेवलेले दगडी जाते एका ढिगात पडले होते. माळ्याखालचा टेकू पार दाराच्या दिशेला लोळत होता. त्याच्या बुंध्याशी दोरी घासल्याचा ताजा वण होता, तोही एकाच बाजूला. इथे शेळी बांधत असतील, असे अरविंद म्हणाले. बुद्धरत्नांचे लक्ष हातभर अंतरावरच्या कोपऱ्याकडे होते. तिथे मातीच्या मडक्यांची उतरंड उभी होती. सगळ्यात वरच्या लहानग्या बोळक्यावर पणतीचे झाकण होते, आणि ते हललेले नव्हते.

बाहेर आल्यावर ठमाबाई म्हाताऱ्याबद्दल बोलायला लागल्या, ते थांबेचनात. माणूस हट्टी होता. रेश्मा मध्यरात्रीनंतर जन्मली, दवाखान्याने गुरुवार लिहिला. हा शेवटपर्यंत तिला बुधवारची म्हणायचा. सूर्य दिसल्याबिगर दुसरा वार लागत नाय, यावर डॉक्टरशी भांडून आला होता.

"आनि त्या दिशी तर देव्हाराच रिकामा केला त्यानं. कुलदैवताचे टाक टोपलीत घातले, खळ्यात आनून उशाशी ठेवले. म्हनला, मी भाईर आनि देव छपराखाली, असं कसं? सकाळी सगळी मानसं त्या माळ्यापाशी. देवांकडं कोन बघतो? मीच उचलले, दवानं भिजलेले."

अरविंदांनी नकळत हात जोडले. बुद्धरत्नांनी टोपली नेमकी कुठे होती ते ठमाबाईंकडून पुन्हा दाखवून घेतले.

पोलीस पाटील सहदेव यांचे आणि भागोजींचे ओहोळाच्या पाण्यावरून वैर होते. ते त्यांनी लपवले नाही. उलट मेलेल्या माणसाशी भांडण संपत नाही, ते अर्धवट राहते, असे ते खिन्नपणे म्हणाले. धक्का त्यांना जाणवला होता. कोयनेच्या बाजूची जमीन, अधूनमधून हलतेच. आधी धक्का की आधी आवाज, असे विचारल्यावर त्यांनी ती रात्र पुन्हा आठवून पाहिली. आवाजाने जाग आली, असे अखेर म्हणाले. अंग हलल्याचे मागाहून, सगळे बोलायला लागल्यावर, आठवले.

राजेश गाडीला टेकून फोनवर बोलत होता. त्या रात्री काकांची सोबत म्हणून तो खळ्याच्या कडेला गाडीतच झोपला होता. रेश्माचा फोन त्याने ऐकला. बोलणे संपताच काका उठले, असे त्याने सांगितले.

"घोंगडी अंगावर, काठी हातात. दार मीच उघडून दिलं."

"दुसऱ्या हातात काही होतं?" बुद्धरत्नांनी विचारले.

"काही नाही, सर. रिकामा होता."

"नीट आठवतंय?"

"डोळ्यांसमोर आहे. म्हणाले, सुटलो बाबा, बारा तारीख संपली."

बुद्धरत्नांनी सहदेवांना वाडी खळ्यावर बोलवायला सांगितले. सहीसाठी आलेली रेश्मा खाली मान घालून एका कडेला बसली. तिच्यापासून माणसे थोडे अंतर राखून बसली होती, हे अरविंदांना आता दिसले.

"भूकंप झाला नाही," बुद्धरत्नांनी सुरुवात केली. "आत मडक्यांची उतरंड उभी आहे. दगडी जातं खाली आणणारा धक्का शेजारच्या बोळक्याचं झाकण हलवत नाही, असा भूकंप मला ठाऊक नाही. तुम्ही ऐकलात तो माळा पडल्याचा आवाज. भीती आधीच पेरलेली होती, तेव्हा धक्का तुम्ही पदरचा घातलात. माळा पडला, कारण त्याचा टेकू दोरी बांधून दारातून ओढला गेला. दोरीचा वण एका बाजूला आहे, आणि टेकू दाराकडे पडला आहे. शेळी चारी बाजूंनी फिरते, अरविंदराव."

बुद्धरत्नांनी घराच्या दाराकडे बोट केले.

"आता भागोजी आत कसे गेले? राजेश म्हणतात, मध्यरात्री बारा तारीख संपली म्हणून आपल्या पायांनी गेले. ज्या माणसाने पोटच्या मुलीचा वार डॉक्टरचं ऐकून बदलला नाही, त्याची तारीख घड्याळाने संपली? त्याचा बारा नोव्हेंबर सूर्य दिसेपर्यंत चालणार होता."

"थंडी होती," राजेश म्हणाला. "म्हातारा माणूस. गेला असेल."

"असेल. मग देवांचं काय?"

"कसले देव?"

 ठमाबाईंनी मान वर करून राजेशकडे पाहिले.

"उशाशी टोपली होती," बुद्धरत्न म्हणाले. "घर पडेल म्हणून ज्याने आधी देव बाहेर काढले, तो घर सुरक्षित झाल्यावर देवांना दवात टाकून रिकाम्या हाताने झोपायला गेला?"

"विसरले असतील, सर. अंधारात."

"देव इसारला?" ठमाबाई हळूच म्हणाल्या.

त्या दोन शब्दांनंतर कोणाला काही समजावून सांगण्याची गरज उरली नाही. जमलेल्या प्रत्येकाला जे न सांगता कळत होते, ते एकट्या राजेशला कळत नव्हते. तो एकेका चेहऱ्याकडे पाहून आपले काय चुकले ते शोधत होता.

"तुम्ही रेश्माचा फोन ऐकलात आणि तुम्हाला निमित्त मिळालं," बुद्धरत्नांचा आवाज चढला नाही. "चित्रफितीने काका घाबरले, पण जमीन सोडीनात. झोपेत त्यांना इथेच मारलंत, उचलून आत नेलंत आणि वर माळा पाडलात. खुनाचा आळ घ्यायला तारीख होती, आणि तारखेवर कोणाचा विश्वास बसला नाहीच तर ही मुलगी होती. सहदेव, जिथं त्यांचं अंथरूण होतं, तिथला पेंढा उचला."

सहदेवांनी दाताळ्याने पेंढा बाजूला केला. वरचा थर ताजा, पिवळा होता. खालचा वाळलेल्या रक्ताने काळा पडून जमिनीला चिकटला होता. राजेश गाडीकडे वळला, तर गाडीच्या दारापाशी वाडीतली माणसे आधीच उभी होती. सहदेवांनी त्याच्या हातातली किल्ली काढून घेतली आणि पोलीस ठाण्याला फोन लावला.

अरविंद रेश्माजवळ गेले. 

"मग मला बरं का म्हणाले?" तिने कोणाकडेच न पाहता विचारले. "जातो म्हणाले होते."

"तू कामावर व्हतीस ना गो," ठमाबाई तिच्याशेजारी टेकल्या. "नाय म्हनला असता तर रातभर जीव लागून राह्यला असता तुझा. तुला बरं म्हनला, फोन ठेवला, आनि व्हता तिथंच पडून राह्यला."

रेश्माने ठमाबाईंकडे मान वळवली.

"जन्मात माझं एक ऐकलं नाय या माणसानं," ती म्हणाली, आणि वडील गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्यावर मनापासून रागावून रडू लागली.