कोऱ्या ओळी

दुपारचं जेवण उरकून तो कॉलेजच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत शिरला. काम तसं किरकोळच. सरांच्या तासांचे जे व्हिडिओ काढलेले असत, त्यांच्याखाली बोललेलं अक्षर न् अक्षर लिहायचं, ज्यांना ऐकू येत नाही त्या मुलांसाठी. दाराचा, घंटेचा आवाजसुद्धा कंसात लिहायचा, असा नियम होता. हा पठ्ठ्या मात्र पक्का अंगचोर. सुरुवातीची पाच-दहा मिनिटं लिहायची, बाकीच्या ओळी कोऱ्या सोडायच्या आणि वर 'तपासले' अशी खूण ठोकून मोकळं व्हायचं. शेवटपर्यंत बघतंय कोण?

एक मुलगी बघत होती. जन्मापासून बहिरी, वर्गात पहिली. शेवटच्या ओळी भरा, म्हणून तिने तीनदा अर्ज केला. त्याने तिन्ही अर्ज खणात सारले. रसायनशास्त्राच्या तासाला सर फळ्याकडे तोंड करून म्हणाले होते, "भांडं थंड झाल्याशिवाय झाकण काढू नका." पाठमोऱ्या माणसाचे ओठ ती वाचणार कशी? आणि व्हिडिओखाली त्या वाक्याची ओळ कोरीच होती. प्रयोगाच्या दिवशी तिने झाकण काढलं. भाजल्यावर ती आठ दिवस जगली.

आज चार वाजता चौकशी होती. "त्या ओळी चारच्या आत भरून टाका," विभागप्रमुख सकाळी हळूच म्हणाले होते, "आणि तारीख जुनी घाला." नोकरी जाऊन चालणारच नव्हतं, बायकोचे दिवस भरत आले होते.

त्याने व्हिडिओ लावला, ते वाक्य टाइप केलं. लाज वाटायला हवी होती. त्याला हायसं वाटलं. तेवढ्यात खालची ओळ आपोआप उमटली.

[दार उघडते.]

आवाज तर आलाच नव्हता. त्याने वळून पाहिलं. दार सताड उघडं होतं, आणि खोलीत जळक्या केसांचा वास...

[खुर्ची ओढली जाते.]

शेजारची खुर्ची त्याच्या कोपराला येऊन टेकली. घाबरून त्याने टेबलावर हात आपटला. काहीच ऐकू आलं नाही. वर पंखा गरगरत होता, तोही मुका.

[फोन वाजतो.]

खिशात फोन थरथरत होता. घरून. त्याने तो कानाला लावला, तर ठार शांतता. मग त्याने पडद्याकडे पाहिलं.

[बायको रडते आहे.]

[एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगते आहे.]

"कोणतं...?" तो शेजारच्या खुर्चीकडे वळला. "लिही ना गं... पाया पडतो तुझ्या, कोणतं वाक्य?"

त्या वाक्याची ओळ तशीच कोरी राहिली. बऱ्याच वेळाने तिच्याखाली अक्षरं उमटली.

[पाळणा कुरकुरतो.]

पाळणा त्यांनी अजून घरी आणलाच नव्हता.